बालीचा टेबलक्लॉथ आणि घरची आमटी

(पांढरा टेबलक्लॉथ कॅमेऱ्यासमोर उलगडत)

हा बघा. बालीहून आणलेला. पांढराशुभ्र, कडेने जाळीचं भरतकाम, हाताला गार लागतो. मी हा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ज्या टेबलावर घातला होता ते टेबल समुद्राकडे तोंड करून उभं होतं. त्याच्यावर कापलेली पपई आणि चाफ्याची चार फुलं. बस. मी तिथेच विरघळले.

माझं टेबल बोरिवलीत आहे. फ्रिजला चिकटून. त्याच्यावर रात्री साडेआठला आमटीचं पातेलं येतं.

(डाग बोटाने दाखवत)

ही ती आमटी. पहिल्याच दिवसाची.

तर नमस्कार. आजच्या व्हिडिओत बालीची देवळं, झोके, धबधबे काही नाही. सुट्टीवर गेलं की आपण सगळेच टेबलाचं कापड, मॅट, नॅपकिन असलं काहीतरी घेतो, कारण ते हलकं असतं, फुटत नाही आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये सरकवता येतं. मीही घेतलं, दोनदा. पहिल्यांदा फसले, दुसऱ्यांदा बरं जमलं.

फसले ती आधी मापात. आपल्याकडे टेबल फुटात सांगतात, तिकडे लेबल सेंटिमीटरमध्ये. माझं टेबल सहा जणांचं, पाच फूट बाय तीन, म्हणजे साधारण १५० बाय ९०. मी घेतला तो १२० चा चौकोन. दुकानात "बिग, बिग" म्हणाले आणि दोन हातांत धरल्यावर तो खरंच बिग वाटला. घरी अंथरला तर दोन्ही टोकांना सनमायका उघडा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिला परकर आखूड झालाय."

म्हणून बॅग भरण्याआधी टेबल मोजा आणि आकडा फोनमध्ये सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. चारी बाजूंनी १५ सेंटिमीटर खाली लोंबलं पाहिजे, म्हणजे लांबीत ३० आणि रुंदीत ३० मिळवा. माझ्या टेबलाला १८० बाय १२० लागतो. हॉटेलात असतो तसा गुडघ्यापर्यंत लोंबणारा घेऊ नका. मुंबईच्या हॉलमध्ये खुर्च्या टेबलाच्या आत सरकवाव्या लागतात, तो कपडा खुर्चीत अडकतो आणि कुणीतरी उठताना वाट्यांसकट ओढतो.

आता माझी आवडती युक्ती. तयार टेबलक्लॉथ घेऊच नका. सरोंग घ्या.

(गडद तपकिरी कापड पसरवत)

बालीत आणि शेजारच्या जावा बेटावर बायका-पुरुष कमरेला गुंडाळतात ते कापड. साधारण दोन मीटर लांब आणि एक मीटरच्या थोडं वर रुंद, १०५ वगैरे. तुमचं टेबल चार जणांचं असेल, चार फूट बाय अडीच, म्हणजे १२० बाय ७५, तर रुंदीत दोन्हीकडे बरोबर १५-१५ उरतात. लांबीत १५० ठेवा आणि बाकीचं ५० सेंटिमीटर कापून टाका. त्या तुकड्यातून दोन ऐसपैस नॅपकिन निघतात. टूरिस्ट दुकानातल्या "टेबल सेट"पेक्षा हे स्वस्त पडतं आणि कापड बहुतेक वेळा जास्त चांगलं असतं, कारण ते तिथल्या माणसांनी नेसायचं असतं.

फक्त एक बघा. काही सरोंगांना एका बाजूला वेगळ्या नक्षीचा रुंद पट्टा असतो. त्याला केपाला म्हणतात, म्हणजे डोकं. आपल्या साडीचा पदर समजा. टेबलावर तो कुठे येणार ते आधी ठरवा, नाहीतर शिंपी नेमका तोच कापेल. पट्टा नको असेल तर काइन पांजांग मागा, म्हणजे नुसतं "लांब कापड". ते अडीच मीटरच्या आसपास असतं. माझ्यासारख्या सहा जणांच्या टेबलाला लांबीत पुरून उरतं, रुंदीत मात्र दोन्हीकडे सात-साडेसातच लोंबतं. मला चालतं. सासूबाईंना अजून नाही.

हे घ्यायचं कुठे? उबुदचा बाजार राजवाड्यासमोर, सुकावतीचा त्याच्या दक्षिणेला, दोन्हीकडे सगळे जातातच. पण नुसतं कापडच बघायचं असेल तर बालीच्या राजधानीत, देनपासारला जा. तिथे पासार बादुंग म्हणून मोठा बाजार आहे आणि त्याला लागून जालान सुलावेसी नावाचा रस्ता, अख्खा कापडवाल्यांचा. मंगलदास मार्केटचा चुलतभाऊच. ताग्यांवर तागे, आणि दुकानदाराला तुमच्यात अजिबात रस नाही. मला असली दुकानं आवडतात.

तिथे जे "बाली बाटिक" म्हणून विकतात त्यातलं बरंच जावाचं असतं. पेकालोंगान, सोलो, योग्याकार्ता ही बाटिकची खरी गावं. त्यात काही वाईट नाही, पैठणी आपण दादरला घेतोच की. युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला मान दिला तो २ ऑक्टोबर २००९ ला, आणि तेव्हापासून २ ऑक्टोबर हा तिकडे बाटिक दिवस. आपल्याकडे त्या दिवशी खादीवर सूट. कापडाच्या बाबतीत तारीख बरी जुळून आली.

बाटिक म्हणजे काय, तर जिथे रंग नको तिथे वितळलेलं मेण लावायचं, कापड रंगात बुडवायचं, मग मेण काढायचं. जितके रंग तितक्या फेऱ्या. मेण हाताने लावलं तर ते बाटिक तुलिस. तुलिस म्हणजे लिहिणं, आणि खरंच लिहितात. चांतिंग नावाचं पेनासारखं हत्यार असतं, त्याला तांब्याची चिमुकली तोटी. बारीक कामाच्या एका कापडाला महिनेही लागतात. तांब्याच्या ठशाने मेण उमटवलं तर ते बाटिक चाप. ऐकायला आपल्या "छाप"सारखंच आणि अर्थही तोच. तिसरं म्हणजे मशीनवर छापलेलं, ज्यात मेणाचा थेंबही नाही. दुकानात तिन्हींना बाटिकच म्हणतील.

ओळखायचं कसं? उलटं करा.

(कापड उलटं करत)

मेण आणि रंग कापडात मुरतात, त्यामुळे खऱ्या बाटिकची उलटी बाजू सुलटीइतकीच भरलेली दिसते. हे तपकिरी बघा, मलाच दर वेळी सुलटी शोधावी लागते. आणि हे दुसरं, छापील, मागून फिकट, धुऊन धुऊन विटल्यासारखं. पातळ कापडावर छपाईही मागे उतरते, म्हणून एवढ्यावर थांबू नका. एकच फूल दोन-तीन ठिकाणी शोधा. हातच्या कामात दोन फुलं सारखी नसतात. चापमध्ये सारखी असतात, पण ठसा जिथे ठशाला भिडतो तिथे रेघ किंचित हुकते. छापील कापडात काहीच हुकत नाही. टेबलासाठी मी चाप घेते. तुलिसवर आमटी सांडली तर मला झोप यायची नाही.

आता सूत. दुकानदाराला विचारा, "कातून?" म्हणजे कॉटन का. तो हो म्हणेल. तो नेहमीच हो म्हणतो. बालीत समुद्रावर घालायचे ते झुळझुळीत सरोंग पुष्कळदा रेयॉनचे असतात. अंगावर छान, टेबलावर घसरतात आणि धुतल्यावर आटतात. धागा जाळून बघा असं सगळे सांगतात. पॉलिएस्टर त्यात पकडलं जातं, कारण ते वितळून गोळी होतं. पण रेयॉन लाकडाच्या लगद्याचं, ते कॉटनसारखंच जळतं, कागद जळल्याच्या वासासकट. मग? कडेचा एक धागा ओढा, जिभेने ओला करा आणि तोडा. ओलं रेयॉन पटकन तुटतं. कॉटन ओलं झालं की उलट चिवट होतं. माझी आजी वाती वळताना बोट ओलं करायची ते मला त्या दुकानात आठवलं. दुकानदार मात्र माझ्याकडे संशयाने बघत होता.

आणि तिसरा शब्द शिका: लुंतुर. म्हणजे रंग जातो का. त्याचंही उत्तर "नाही" हेच येतं, म्हणून पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर घासून बघा. माझा पहिल्या खेपेचा लाल रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध घालायची लांब पट्टी, असा न घासता घेतला होता. घरच्या मशीनमध्ये त्याने नवऱ्याचे तीन शर्ट गुलाबी केले. त्यातला एक तो अजून घालतो, कोणी विचारलं तर "फॅशन" म्हणतो. रंग बसायला मिठाच्या पाण्यात भिजवा, असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. कापड रंगवताना मीठ उपयोगी पडतं, पण विकत आणलेल्या कापडाचा सुटा रंग त्याने पक्का होत नाही. गार पाण्यात, एकटं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, एवढंच हातात आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, हळद. आपल्या टेबलावर वाइन सांडत नाही, वरण सांडतं. हळदीतला पिवळा रंग साबण लागला की लाल होतो, हे तुम्ही सिंकमध्ये पाहिलंच असेल. घाबरू नका, तो जळलेला नसतो, नुसता साबणाच्या खारेपणाने पालटलेला असतो. खरं औषध ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पांढरं कापड धुऊन ओलंच कडक उन्हात घाला, दोन-तीन दिवसांत डाग पुसट होतो. पण जुलैत मुंबईत ऊन आणायचं कुठून? आणि रंगीत बाटिक इतक्या उन्हात ठेवलं तर हळदीबरोबर नक्षीही जाईल.

म्हणून रंगच असा निवडा की हळद त्यात हरवेल. सोलो आणि योग्याकार्ताच्या जुन्या धाटणीचं बाटिक असतं, सोगान म्हणतात त्याला. तपकिरी, गडद निळा, मधे साईसारखा पिवळसर पांढरा. झाडाच्या सालीपासून तो तपकिरी काढत. दुकानात निळ्या-हिरव्या समुद्री रंगांपुढे ते उदास दिसतं, मीही पहिल्यांदा ओलांडून पुढे गेले होते. पण ह्या कापडावर दोन वर्षांत काय काय सांडलंय ते मी सांगितलं तरी तुम्हाला दिसणार नाही.

(कापड कॅमेऱ्याजवळ नेत)

इथे पिठलं. शोधा.

काही कापडं मात्र टेबलासाठी नाहीतच. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं पोलेंग तुम्हाला बालीत सगळीकडे दिसेल, झाडांना, मूर्तींना गुंडाळलेलं. ते पवित्र मानतात. बाजारात त्याच नक्षीचे टेबल रनरही मिळतात, आणि घेतला म्हणून कोणी अडवणार नाही. पण पारावरच्या औदुंबराला नेसवलेलं वस्त्र कुणी ताटाखाली अंथरलं तर आपल्याला कसं वाटेल? मी घेतलं नाही.

दुसरं गेरिंगसिंग. बालीतल्या तेंगानान गावात विणतात, दुहेरी इकत. उभा धागा आणि आडवा धागा, दोन्ही विणण्याआधी बांधून बांधून रंगवलेले, आणि विणताना नक्षी नक्षीवर बसवायची. इंडोनेशियात हे फक्त तिथेच होतं. आपल्याकडे पाटणचे साळवी पटोला असाच विणतात, आणि गुजरातचा पटोला कित्येक शतकं जहाजांतून त्या बेटांवर जात होता, तिथे राजघराण्यांत आणि विधींत जपून ठेवत. एका गेरिंगसिंगला वर्षंही लागतात. बघायला नक्की जा, चहाचा कप त्याच्यावर ठेवायचा विचार सोडा. इकतच हवं तर एंदेक घ्या, त्यात फक्त आडवा धागा रंगवतात. त्याचा रनर छान दिसतो, आणि पोचमपल्ली आवडणाऱ्यांना तो लगेच आवडेल.

भाव करताना शून्यांनी गडबडू नका. तिथली सगळ्यात मोठी नोट १ लाख रुपियाची, आणि तिची किंमत आपल्या पाचशे रुपयांच्या थोडी वर. सकाळी लवकर जा. पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाहीत, कारण भवानी व्हायची असते. तिकडे तिला पेंगलारिस म्हणतात. आपला भाजीवाला नोट कपाळाला लावतो, तिकडची बाई ती नोट सगळ्या मालावरून फिरवते. ते पाहिल्यावर मी आणखी घासाघीस केली नाही. वीस रुपयांसाठी कोण कुणाची भवानी बिघडवणार!

"आता" नावाच्या वेलीच्या मॅट आणि टोपल्या तिथे सुंदर मिळतात, धुरावर शेकून तपकिरी केलेल्या. पण पावसाळ्यात आपल्याकडे त्यांना बुरशी धरते, कपाटात बंद ठेवू नका. कस्टमची सूट किती ते निघण्याआधी बघा, पावत्या जपा. चार सरोंगांनी काही होत नाही, चाळीस आणले तर विचारतील.

शेवटचं काम घरी आल्यावर. कापण्याआधी एकदा धुवा, आटायचं ते आटू दे. इस्त्री करताना मेणाचा चिकटपणा जाणवला तर वर-खाली साधा कोरा कागद ठेवा, मेण त्यात उतरतं. मग कडा. त्यासाठी खास कुठे जायची गरज नाही, खालचा पिको-फॉलवाला आहे ना. मी कापड त्याच्यापुढे ठेवलं, चारी बाजूंनी पिको कर म्हटलं, तुकड्याचे दोन नॅपकिन. त्याने कापड उलट-सुलट केलं, केपालाच्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि वही काढत विचारलं,

"ताई, फॉल कुठल्या बाजूने लावू?"