रत्नागिरी ११२२, बीड ८०७

श्रोतेहो, २०११च्या जनगणनेचा विषय निघाला की १२१ कोटी हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. मला आज त्याच जनगणनेतले आपल्या राज्यातले दोन आकडे तुमच्यापुढे ठेवायचे आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. हे वाचून अनेकांना आनंद होतो, कोकणात बाईला मान आहे असं म्हटलं जातं. पण त्याच दशकात रत्नागिरीची लोकसंख्या जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली आणि तिकडे ठाणे जिल्हा छत्तीस टक्क्यांनी वाढून देशातला सर्वांत मोठा जिल्हा झाला. कोकणातले कर्ते पुरुष मुंबई-ठाण्याकडे पोटापाण्याला गेलेले आहेत. ११२२ या आकड्यात स्त्रियांच्या सन्मानापेक्षा पुरुषांचं स्थलांतर जास्त दिसतं.

दुसरा आकडा बीडचा आणि तो फक्त सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे. हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. २००१मध्ये त्या ८९४ होत्या. एवढी लहान मुलं एकेकटी कामधंद्यासाठी गाव सोडत नाहीत, त्यामुळे इथे स्थलांतराचं कारण पुढे करता येत नाही. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात, हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली, हे धरूनही ८०७ची फोड मुख्यतः एकाच मार्गाने होते. बऱ्याच मुली जन्मालाच आल्या नाहीत.

देशाचं एकूण स्त्री-पुरुष प्रमाण २००१मध्ये ९३३ होतं, २०११मध्ये ९४३ झालं. बालकांचं मात्र ९२७वरून ९१९वर आलं. १९६१मध्ये ते ९७६ होतं. एक वर, एक खाली, हे कसं? एकूण प्रमाणात ऐंशी वर्षांच्या आजीपासून सगळ्या असतात. बायकांचं आयुर्मान वाढलं, बाळंतपणातले मृत्यू कमी झाले, म्हणून तो आकडा सुधारतो आणि सुधारलाच पाहिजे. बालकांच्या प्रमाणात सातवं वर्ष पूर्ण न झालेलीच मुलं येतात, म्हणून ते फक्त शेवटच्या सात वर्षांबद्दल बोलतं. म्हणून आजचा समाज कसा वागतो हे पाहायचं तर मी आधी तोच रकाना उघडतो.

आता तारखा बघा. २०११च्या गणनेचा संदर्भ क्षण होता १ मार्चची मध्यरात्र. त्या दिवशी सहा वर्षांपर्यंतची असलेली मुलं मार्च २००४नंतर जन्मलेली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला राज्य कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४मध्ये आला आणि २००३मध्ये तो दुरुस्त होऊन कडक झाला. म्हणजे या मोजणीतलं एकूण एक बालक कडक कायदा लागू असताना जन्मलेलं आहे! याच दशकात राज्यातली स्त्री-साक्षरता ६७ टक्क्यांवरून सुमारे ७६ टक्क्यांवर गेली आणि तरीही राज्याचं बालकांचं प्रमाण ९१३वरून ८९४वर घसरलं. शिक्षण वाढलं की हा प्रश्न आपोआप सुटेल, असं सांगणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत होऊ शकत नाही. २००१मध्ये हे प्रमाण कोल्हापुरात ८३९ होतं. ओलिताखालचा, पैसा असलेला, शिकलेला तो पट्टा. पुढच्या दहा वर्षांत कोल्हापूर ८६३पर्यंत चढलं, बीड घसरलं. घसरण थांबवता येते हे कोल्हापूरने दाखवलं, पण एका जिल्ह्यात ती थांबली म्हणजे राज्यात थांबली, असं नाही.

आणि हे सगळं जुनं आहे, ही माझी मोठी खंत आहे. १८८१पासून दर दहा वर्षांनी, महायुद्धातसुद्धा होत आलेली ही मोजणी २०२१मध्ये झालीच नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या सुमारे ८१ कोटी लाभार्थ्यांची संख्या २०११च्या लोकसंख्येवरच बेतलेली आहे. त्यानंतर वाढलेल्या कुटुंबांना त्याची झळ बसते.

आता १ मार्च २०२७ ही नवी संदर्भ तारीख जाहीर झाली आहे आणि या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. प्रगणक दारात आले की घरातल्या प्रत्येक मुलीचं नाव सांगा, तान्ह्या बाळाचंसुद्धा. आपल्याकडे वय विचारलं की पाच-दहाच्या पटीत सांगायची सवय आहे. पाच वर्षांची म्हणून सांगितलेली मुलगी खरी सात वर्षांची असेल, तर बालकांचा सगळा हिशेबच बिघडतो. त्यामुळे जन्मदाखला बघून वय सांगा. आणि तक्ते प्रसिद्ध झाले की देशाच्या एकूण आकड्यावर थांबू नका, आपल्या तालुक्याचा शून्य ते सहा वयाचा रकाना काढून वाचा. २०११ला मोजलेली ती बीडची मुलं तेव्हा सोळा ते बावीस वर्षांची असतील.