एलायझा पॉझिटिव्ह आली, पुढे काय?

डिसेंबर उजाडला की आपल्या बालरुग्ण कक्षांत उलट्या, ताप आणि पाण्यासारखे जुलाब घेऊन सहा महिने ते दोन वर्षांची बाळे येऊ लागतात. पावसाळ्यातल्या हगवणीहून हा हंगाम वेगळा. एलायझा, म्हणजे विष्ठेत विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी, लावली आणि ती रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूसाठी पॉझिटिव्ह आली, की बहुतेक ठिकाणी काम संपते. उपचारापुरते ते ठीक, कारण ओआरएस आणि झिंक विषाणूचा प्रकार बघून द्यायचे नसतात. पण एलायझा पकडते ते विषाणूच्या मधल्या थरातले व्हीपी-६ हे प्रथिन, आणि ते ‘अ’ गटातल्या सगळ्या रोटाव्हायरसांत जवळपास सारखेच असते. प्रतिपिंडे ज्या बाहेरच्या थराला चिकटून विषाणूला अडवतात, त्याबद्दल हा अहवाल अवाक्षर काढत नाही.

त्या बाहेरच्या थरात दोन प्रथिने आहेत. पृष्ठभाग व्यापणारे व्हीपी-७, त्यावरून जी प्रकार ठरतो. त्यातून बाहेर आलेले काटे म्हणजे व्हीपी-४, त्यावरून पी प्रकार. ही दोन जनुके आरएनएच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर असतात, आणि मेख इथेच आहे. या विषाणूचा जनुकसंच एकूण ११ तुकड्यांत विभागलेला आहे. एकाच पेशीत विषाणूचे दोन वाण (स्ट्रेन) शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तशी तुकड्यांची अदलाबदल होते. शिवाय नक्कल करताना होणाऱ्या बारीक चुका साचत जातात, त्या वेगळ्याच.

दुसरा वाण दर वेळी माणसाचाच असतो असेही नाही. खान्देशात गोठा घराला लागून आणि शेळ्या ओसरीवर, हे चित्र नवे नाही. दिल्लीच्या एम्समध्ये, लक्षणे नसलेल्या नवजात बाळांत सापडलेला ११६-ई हा वाण जी९पी[११] आहे. त्याचे व्हीपी-४ गाईगुरांच्या रोटाव्हायरसाकडून आलेले. पी[११]चा काटा नवजात आतड्यात जास्त असलेल्या अपक्व शर्करासाखळ्यांना धरतो, म्हणून तो तान्ह्या बाळांत रुजला. याच वाणापासून रोटाव्हॅक ही लस तयार झाली.

आता प्रयोगशाळेकडे वळू. प्रकार ओळखताना आरटी-पीसीआरच्या (आरएनएपासून डीएनए बनवून त्याच्या असंख्य नकला काढणाऱ्या चाचणीच्या) पहिल्याच पायरीवर घोटाळा होतो. या विषाणूचा आरएनए दुपदरी असतो. तो ९५ ते ९७ अंशांवर पाच मिनिटे उकलून लगेच बर्फात ठेवला नाही, तर पदर पुन्हा जुळतात, प्रायमरला (जिथून नक्कल सुरू होते त्या छोट्या तुकड्याला) बसायला जागा उरत नाही आणि चांगला नमुना कोरा जातो. पीसीआरच्या दुसऱ्या फेरीत उत्पादनाची लांबी बघायची. जेंट्श या संशोधकांच्या प्रायमर संचात पी[८] ३४५, पी[४] ४८३ आणि पी[६] २६७ बेस-जोड्यांवर दिसतो. पण प्रायमर जिथे बसतो तिथेच एखादा बदल झालेला असेल, तर पी[८] असूनही पट्टी उमटत नाही. अशा नमुन्यावर ‘प्रकार ठरला नाही’ असा शिक्का मारून तो फेकू नका. पहिल्या फेरीचे उत्पादन सिक्वेन्सिंगला (जनुकाचा अक्षरक्रम वाचायला) पाठवा. आपल्याला पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था जवळ आहे.

आणि आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारी जुनी पॉलीअ‍ॅक्रिलअमाइड जेल मोडीत काढू नका, हे मी आग्रहाने सांगतो. चांदीच्या नायट्रेटने रंगवलेल्या जेलवर ‘अ’ गटाच्या ११ पट्ट्या चार-दोन-तीन-दोन अशा गटांत दिसतात. मानवी रोटाव्हायरसांच्या ‘डीएस-१’ या कुळात अकरावा तुकडा लांब असल्याने तो मागे रेंगाळतो आणि खालची जोडी वर सरकते. याला आखूड नमुना म्हणतात. ‘वा’ नावाच्या दुसऱ्या कुळात लांब नमुना दिसतो, आणि पी[८] बहुधा त्याच कुळातला. समजा पीसीआर म्हणते जी३पी[८] आणि जेल दाखवते आखूड नमुना, तर बाहेरचा थर एका कुळाचा आणि आतले तुकडे दुसऱ्या कुळाचे असण्याची दाट शक्यता असते. घोड्याच्या जी३शी साम्य असलेले असे विषाणू २०१३ पासून अनेक देशांत आढळले आहेत. नुसत्या जी-पी नावावरून ते कळलेच नसते. बारा-तेरा पट्ट्या दिसल्या, तर आधी मिश्र संसर्गाचा विचार करा.

इतकी विविधता असताना लसीचा उपयोग काय, असे डॉक्टर मंडळीही विचारतात. जनुकप्रकार वेगळा म्हणजे संरक्षण शून्य, असे नाही. वेल्लोरच्या बाळांचा जन्मापासून पाठपुरावा करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच प्रकाराविरुद्ध खास जास्त संरक्षण मिळते असा पुरावा सापडला नाही. एकामागून एक संसर्ग होत गेले तसे मध्यम-तीव्र आजारापासूनचे संरक्षण वाढत गेले, पण तीन संसर्गांनंतरही ते ७९ टक्केच होते. मेक्सिकोतल्या अशाच अभ्यासात दोन संसर्गांनंतर असा आजार एकाही बाळाला झाला नव्हता. आपल्याकडे ६, १० आणि १४ आठवड्यांचे तिन्ही डोस पूर्ण करण्याचा धोशा लावायचा तो यासाठी. एकच वाण असलेल्या रोटाव्हॅकने चाचणीत इतर प्रकारांच्या तीव्र जुलाबांपासूनही संरक्षण दिले. ते निम्म्याच्या थोडे वर होते.

नमुना घेताना लंगोट उलटा करून प्लॅस्टिकची बाजू आत घ्या, म्हणजे पातळ शौच जिरत नाही. चार-पाच मिलिलिटर पुरे. फॉर्मालिन घालायचे नाही. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून धुळ्याला येईपर्यंत नमुना २ ते ८ अंशांत ठेवा, आणि एकदा गोठवला की पुन्हा पुन्हा वितळवू नका. चिठ्ठीवर लसीचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख हवीच. लस जिवंत विषाणूची असते, डोसनंतर काही दिवस तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि एलायझा पॉझिटिव्ह येते. रोटाव्हॅक घेतलेल्या बाळात जी९पी[११] दिसला, तर आधी तारीख पाहा. रोटासील या दुसऱ्या लसीच्या वाणांवर मानवी जी१, जी२, जी३, जी४, जी९ आणि गाईचा पी[५] असतो; त्यामुळे जी लागला, पण मानवी प्रायमरने पी लागत नाही, तेव्हाही पहिली शंका लसीच्या विषाणूचीच घ्यायची.