पटकीचा रुग्ण आणि शरीराचा तोल

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

शालेय पुस्तकांत पचन एका पाठात येते, रक्ताभिसरण दुसऱ्या आणि उत्सर्जन तिसऱ्याच पाठात. त्यामुळे या संस्था आपापले काम वेगवेगळे उरकतात, हा समज पुढे जन्मभर टिकतो. तो किती अपुरा आहे, हे पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, रुग्णाइतके स्पष्टपणे दुसरे कोणी दाखवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या परिसरात पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर दाटीने पडलेले होते आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. त्यांनी एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या तयार करून घेतल्या. ते मिश्रण तोटीच्या पिंपांत भरून ठेवले आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. हाती डॉक्टर कमी, परिचारिका कमी, पण आई, भाऊ, शेजारी भरपूर होते. या माणसांवर विश्वास टाकण्याचा निर्णय मला त्या मिश्रणाइतकाच मोलाचा वाटतो. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण त्या उपचाराखाली ४ टक्क्यांच्याही खाली आले. एवढे असूनही आज आपल्याकडे साध्या जुलाबातसुद्धा ‘सलाईन लावा’ असा आग्रह धरला जातो आणि जलसंजीवनीची पुडी दिली की घरच्यांना उपचार झालाच नाही असे वाटते, हे मला मनापासून खटकते.

साखर कशासाठी, हा प्रश्न येथे येतो. पटकीचे विष आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर ढकलत राहते. पण सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी आतड्याच्या पेशींतील वाट त्या विषाने बंद होत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही वाट मांडली होती. सोडियम आत गेले की पाणी त्याच्यामागे जाते.

संयोजकांनी वेळेची खूण केली आहे, म्हणून ज्यासाठी आलो ते आता थोडक्यात सांगतो. शरीरातले पाणी घटले की धमन्यांतील दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंकडून मेंदूला वर्दी जाते, नाडी जलद होते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून ते गार लागतात. मेंदू तहान जागवतो आणि आपल्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून असे संप्रेरक सोडायला लावतो, ज्यामुळे मूत्रपिंडे पाणी रोखून धरतात. मूत्रपिंडांनी सोडलेल्या रेनिन या विकरामुळे सुरू होणारी साखळी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते आणि त्यांच्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे सोडियम राखले जाते. जुलाबांतून आम्ल शमवणारे बायकार्बोनेट गेल्याने रक्ताची आम्लता वाढते, तेव्हा फुप्फुसे खोल श्वासांतून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ती आवरतात. मात्र गेलेले मीठ यांपैकी कोणालाही निर्माण करता येत नाही. ते बाहेरूनच यावे लागते. नुसतेच पाणी भरपूर पाजले, तर सोडियम घसरून मेंदूच्या पेशींना सूज येण्याचा धोका असतो. मिश्रण मात्र पोटात गेले की नेमके किती ठेवायचे आणि किती सोडायचे, याचा बारीक हिशेब मूत्रपिंडे पूर्ण करतात.

पुडी मिळाली नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ वाढवू नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोटाघोटाने पाजावे. रुग्ण गुंगीत असेल, नाडी लागत नसेल किंवा त्याला पिणेच शक्य नसेल, तेव्हा मात्र सलाईनच हवे आणि त्यासाठी तत्काळ रुग्णालय गाठावे.