पांढरा ठिपका : हौशी छायाचित्रकारांवरील लघुपटाचे निवेदन

पडद्यावर आता जे छायाचित्र दिसत आहे, त्यात काळ्या आकाशाच्या मधोमध एक पांढरा ठिपका आहे. तो चंद्र आहे, हे सांगावे लागते. ज्याने तो टिपला त्याला त्या रात्री चंद्र डागांसकट स्वच्छ दिसत होता. कॅमेऱ्यात मात्र रस्त्यावरच्या दिव्यासारखा प्रकाशाचा गोळा उतरला. एकत्र जमून परस्परांचे फोटो पाहणाऱ्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळात त्याने हा फोटो स्वतःहून समोर ठेवला आहे आणि सोबत एवढाच प्रश्न विचारला आहे, की माझे नेमके काय चुकले?

खोलीत कोणी हसत नाही, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या संग्रहात असा एक चंद्र पडून आहे.

उत्तर कॅमेऱ्याच्या स्वभावात आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य ओळखत नाही. ते एकंदरीत मध्यम करड्या छटेचे असावे असे गृहीत धरून तो एक्सपोजर, म्हणजे फोटोसाठी एकूण किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवतो. रात्रीच्या फोटोत नव्वद टक्क्यांहून अधिक जागा काळ्या आकाशाने व्यापलेली असते, त्यामुळे तो काळोख उजळून करडा करण्याच्या खटपटीत शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, बराच वेळ उघडे राहते आणि तेवढ्या वेळात चंद्रावरचा सगळा तपशील जळून जातो. वास्तविक चंद्र ही रात्रीची वस्तू नाहीच. भर दुपारी आपल्या डोक्यावर जे ऊन असते तेच ऊन त्या खडकाळ पृष्ठभागावर पडलेले असते. म्हणून उन्हातल्या वस्तूसाठी जे एक्सपोजर लागते, जवळपास तेच चंद्राला पुरते: आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाप्रती संवेदनशीलता) १०० असताना ॲपर्चर (लेन्समधील प्रकाश येण्याचे छिद्र) एफ ११ आणि शटर एक शतांश सेकंद. मोबाइलने फोटो काढणाऱ्याने पडद्यावर चंद्रावर बोट टेकवावे आणि उजेडाची पट्टी खाली ओढत न्यावी. डाग दिसू लागले की थांबावे.

ट्रायपॉड असला की शटर कितीही वेळ उघडे ठेवता येते, हा समजही इथे उपयोगी पडत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, आणि मोठ्या लेन्समधून पाहताना काही सेकंदांचे सरकणेही कडा पुसट करण्यास पुरेसे असते.

प्रश्न विचारणाऱ्याने आकडे वहीत उतरवून घेतले आहेत. इथे मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य त्याला थांबवतात आणि सांगतात, ‘आकड्यांच्या शेजारी कारणही लिहा.’ ही सूचना वरकरणी किरकोळ वाटते; पण छायाचित्रणातील बहुतेक सल्ले फसतात ते याच ठिकाणी.

पुढच्या दोन फोटोंत ते स्पष्ट दिसते. दोन्हींत पांढरा बगळा आहे. पहिल्यात तो सावलीतल्या गडद पाण्यापुढे उन्हात उभा आहे, आणि इथे कॅमेऱ्याने चंद्राच्या वेळची चूक पुन्हा केली आहे: गडद पाणी उजळवण्याच्या नादात बगळ्याचे पंख सपाट पांढरे झाले आहेत, एकही पीस वेगळे दिसत नाही. ‘पांढऱ्या पक्ष्याला एक्सपोजर एक स्टॉप कमी ठेवावे’ हा ठरलेला सल्ला (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) येथे अगदी योग्य ठरला असता. तोच सल्ला ऐकून दुसऱ्या एका सदस्याने ढगाळ, पांढुरक्या आकाशात उडणारा बगळा टिपला, आणि त्याच्या फोटोत बगळा मळकट करडा आला. या वेळी भवतालचे सारे आकाशच उजळ होते, त्यामुळे कॅमेऱ्याने आपण होऊन प्रकाश कमी केला होता आणि छायाचित्रकाराने वर आणखी एक स्टॉप कमी केला. खरे तर तिथे एक स्टॉप वाढवायला हवा होता. पक्षी तोच, रंग तोच, सल्ला मात्र बरोबर उलटा. कारण निर्णय पक्ष्याच्या रंगावर नव्हे, तर त्याच्यामागे काय आहे यावर अवलंबून होता.

फोटो मोठ्या पडद्यावर, सावकाश आणि इतरांसोबत पाहण्याचा दुसरा मोठा लाभ म्हणजे दोषाचे निदान. ‘फोटो ब्लर आला’ अशी तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते, आणि या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार दडलेले असतात. पडद्यावरचा हा फोटो शंभर टक्के आकाराला मोठा करून पाहू. धावणाऱ्या मुलाचा चेहरा पुसट आहे, परंतु त्याच्या मागच्या कुंपणाची तार धारदार आहे. म्हणजे फोकस मुलाला सोडून कुंपणावर बसला. दुसऱ्या फोटोत मुलाच्या पायांजवळचे गवत पाते न् पाते मोजता येईल इतके स्पष्ट आहे आणि हातपाय तेवढे ओढल्यासारखे दिसतात. इथे फोकस बरोबर आहे, शटर मंद पडले. तिसऱ्यात कुंपण, गवत, मूल असे सारे काही एकाच दिशेने किंचित फरफटलेले आहे, आणि मागच्या दिव्याचा ठिपका छोट्या रेघेसारखा झाला आहे. तिथे कॅमेराच हलला.

उपायही अर्थातच वेगळे. कॅमेरा हलू नये म्हणून फार पूर्वीपासून एक ढोबळ नियम वापरात आहे: लेन्सची फोकल लेंथ (दूरचे दृश्य ती किती जवळ आणते हे सांगणारा आकडा) जितके मिलिमीटर, शटर निदान सेकंदाच्या तितकाव्या भागाइतके जलद असावे. २०० मिलिमीटरला १/२००, आणि कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असेल तर दीडपट धरून १/३००. आजच्या लेन्समधील स्थिरीकरणामुळे याहून मंद शटरही हातात धरून निभावते; पण स्थिरीकरण फक्त आपल्या हाताचा कंप सावरते, धावणाऱ्या मुलाला ते थांबवू शकत नाही. नवी महागडी लेन्स घेऊनही फोटो तसेच येतात अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचे मूळ दुखणे इथेच असते, आणि ते लेन्स पुन्हा बदलून बरे होत नाही.

ही हौस सर्वसामान्यांच्या हाती आली त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक नावाचा पेटीसारखा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला असे, आणि तो संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, तिथून फोटो छापून आणि नवा रोल भरून तो परत येत असे. टिपणे आणि छापणे यांची अशी फारकत झाल्यामुळे लाखो लोक फोटो काढू लागले, पण आपला फोटो नेमका का बिघडला हे समजण्याची वाटही त्यांच्यापासून लांब गेली. त्यामुळे पुढे मनापासून हौस असलेली मंडळी खिशात छोटी वही बाळगत आणि प्रत्येक फोटोचे ॲपर्चर, शटर, वेळ, उजेडाची दिशा टिपून ठेवत. रोल धुऊन येईपर्यंत यातले काहीही लक्षात राहणे शक्य नव्हते.

आता ती वही कॅमेराच लिहितो. प्रत्येक डिजिटल फोटोसोबत एक्झिफ नावाची नोंद साठवली जाते आणि तीत फोकल लेंथ, ॲपर्चर, शटर, आयएसओ, तारीख आणि वेळ असे सर्व असते. काही बाबी मात्र तीत नसतात. उजेड खिडकीतून येत होता की भिंतीवरून परतून, छायाचित्रकार गुडघ्यावर बसला होता की उभा, किती वेळ थांबला, आधीचे तीस फोटो त्याने का टाकून दिले, हे फक्त तोच सांगू शकतो. म्हणून या मंडळात फोटो दाखवणाऱ्याने निवडलेल्या फोटोबरोबर त्याच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच न निवडलेले फोटोही आणावेत, असा प्रघात पडला आहे. सुरुवातीला लोक बिचकतात. तरीही एका चांगल्या फोटोपेक्षा त्या पाच फोटोंची रांग पाहून जास्त कळते: पहिल्यात खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता, दुसऱ्यात दोन पावले डावीकडे सरकल्यावर तो बाहेर गेला, चौथ्यात चेहऱ्यावर उजेड आला.

इतरांचे मत नेहमी बरोबरच असते असे नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. फोकस जुळवताना डोळ्यांना जिथे सुंदर वाटे तिथे त्या थांबत, मग कडा मऊ राहिल्या तरी त्यांना चालत असे. त्या काळच्या छायाचित्रण क्षेत्रातील अनेकांनी याला हलगर्जीपणा म्हटले. आज तीच व्यक्तिचित्रे मोठ्या संग्रहालयांत जपलेली आहेत. आपला प्रत्येक पुसट फोटो याच कारणाने थोर ठरतो, असा बचाव मंडळात अधूनमधून ऐकायला मिळतो आणि तो कोणी फारसा मनावर घेत नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला व्हिव्हियन मायर. शिकागोमध्ये मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या या स्त्रीने एक लाखाहून अधिक निगेटिव्ह मागे ठेवल्या, पण हयातीत त्या जवळपास कोणालाच दाखवल्या नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा त्या निगेटिव्ह उजेडात आल्या, आणि कित्येक रोल तर तोवर धुतलेलेही नव्हते. दाखवल्याशिवायही उत्तम काम होऊ शकते, हे यावरून मान्य करावे लागते. बाकीच्यांना मात्र सोबतीच्या नजरेची गरज पडते.

फोटो दाखवताना एक पथ्य या मंडळात कटाक्षाने पाळले जाते. एक्झिफमध्ये अनेकदा ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात, आणि मूळ फाइल जशीच्या तशी पाठवली तर ते सोबत जातात. घरट्यातील पिल्लांचा फोटो असेल तर ती नोंद काढून टाकली जाते आणि जागा विचारूही नये असा संकेत आहे, कारण फोटोसाठी माणसांची ये-जा वाढली की पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात. चेहऱ्यांच्या बाबतीत, विशेषतः लहान मुलांच्या, परवानगीचा प्रश्न फोटोच्या दर्जाच्या आधी विचारला जातो.

आता पुन्हा चंद्राकडे येऊ. पुढच्या बैठकीला तोच सदस्य नवा फोटो घेऊन आला आहे. या वेळी चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश वेगळे दिसतात आणि कडेला दोन-तीन विवरांच्या सावल्याही आहेत. पण खाली जिथे झाड असायला हवे होते, तिथे नुसता काळोख आहे. झाड आणि चंद्र दोन्ही एकाच फोटोत कसे आणायचे, असे त्याने विचारले आहे. उत्तरासाठी कोणी आकडा सांगत नाही. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र बहुधा सूर्यास्ताच्या थोडा आधीच उगवतो, त्यामुळे तो क्षितिजावर असताना जमिनीवर अजून उजेड असतो आणि दोहोंच्या तेजात फार अंतर राहत नाही, एवढे त्याला समजावून सांगितले जाते. त्याने खिशातून वही काढून पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची तारीख लिहून घेतली आहे, आणि तिच्याशेजारी, या वेळी न सांगता, कारणही.