ट्यूबाची मऊ टोपी

(दृश्य: मांडीवर ट्यूबा, म्हणजे खर्जाचं अवजड पितळी फुंकवाद्य, वादकाचे दोन्ही हात डोक्याच्या वर)

दोन-तीन मात्रांचा विराम आहे. तेवढ्यात पायाशी ठेवलेला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, उचलायचा, डोक्यावरून नेऊन बेलमध्ये, म्हणजे वरच्या पसरट तोंडात, बसवायचा आणि पुन्हा माउथपीसला ओठ लावायचे.

(म्यूट निसटतो. जमिनीवर आपटल्याचा आवाज.)

हा ठोका स्वरलिपीत नव्हता.

ट्रम्पेटचा म्यूट हातात मावतो. ट्यूबाचा म्हणजे भलामोठा शंकू, फायबरचा नाहीतर धातूचा. बाजूच्या कॉर्कच्या पट्ट्या बेलला आतून टेकतात आणि उरलेल्या फटीतून आवाज बाहेर येतो. घरच्या रियाजासाठी वेगळा म्यूट मिळतो, तो बेल जवळजवळ बंदच करतो. हवा जायला बारीक भोक, बाकी सगळा दाब उलटून ओठांवर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

(दृश्य: शिवणाचं टेबल, काळ्या निओप्रीनचा तुकडा)

हे निओप्रीन, रबरी कापड. यातून बेलवर बाहेरून चढणारा मऊ म्यूट शिवायचा, टोपीसारखा. पाणबुड्यांचे पोशाख शिवतात तेच. शिवणारी स्वतः युफोनियम, म्हणजे ट्यूबाचं धाकटं भावंड, वाजवते, त्यामुळे माप घेताना टेप बेलच्या काठावरून नीट फिरवते. एकाच वाद्याच्या दोन बनावटींची तोंडं सारखी नसतात, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

खडूने वर्तुळ, मग कात्री. आता इलॅस्टिक. ते घेरापेक्षा आखूडच कापायचं. कापडावर चार खुणा, इलॅस्टिकवर चार खुणा. खुणेला खूण जुळवून, ताणून, मशीनखाली सोडायचं. टाका नागमोडी. सरळ टाका घातला तर टोपी बेलवर चढवताना पहिल्याच ताणाला दोरा तुटतो.

(दृश्य: टोपी बेलवर चढते. कात्रीचं टोक, जवळून)

निओप्रीनमधून हवा जात नाही, म्हणून मधोमध चीर हवी. आधी लहान. वाजवून बघायचं. खालचे स्वर अडखळतायत? आणखी थोडी कापायची. पुन्हा वाजवायचं. कापलेलं परत जोडता येत नाही, तेव्हा घाई नको.

(आवाज: तोच स्वर, आधी उघडा, मग टोपीसह)

नळीतली खर्जाची लाट काठाशी पोचण्याआधीच बरीचशी मागे वळते. वरची, धारदार कंपनं काठापर्यंत येऊन समोर सुटतात. मऊ आवरण आधी त्यांनाच गाळतं. कडक शंकू आत शिरला की बेलचा आतला आकारच बदलतो आणि स्वर बहुधा चढतो. ही टोपी बाहेरच राहते, त्यामुळे सूर जुळवण्याचा त्रास कमी.

(दृश्य: टोपीची घडी, पिशवीचा कप्पा, चेन)

बास ट्रॉम्बोनसाठीही हीच पद्धत, फक्त वर्तुळ लहान.

खर्ज मात्र भिंतीपलीकडे जातोच. जवळपास 6 मीटर लांबीच्या लाटेला काही मिलिमीटरचं रबर काय अडवणार? शिवाय संगीतकाराने म्यूट मागितला की त्याला बहुतेकदा ती नाकातली, कर्कश धारच हवी असते. जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसने 1897 साली 'डॉन किहोटे' या वाद्यवृंदाच्या रचनेत म्यूट लावलेल्या पितळी वाद्यांकडून मेंढ्यांचं बेंबें करून घेतलं. त्या मेंढ्यांना अजूनही शंकूच लागतो.