घड्याळाले थांबू द्या नं, बाप्पा!

(गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची मंडळी, आणि एवढ्या थंडीत शेकोटी सोडून आलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आधी हात वर करा. किती जणांच्या घरी कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली, लग्नात आलेलं ऑटोमॅटिक घड्याळ पडून आहे? बरेच आहेत. आता त्यातलं चालू किती? वा! एकही नाही. मंडळी, हीच घड्याळं माझ्या दुकानात येतात. "बंद पडलं, पाहा जरा." मी ते हातात घेऊन बोलता बोलता आडवं हलवतो, सेकंदकाटा पळायला लागतो, आणि समोरचा माझ्याकडे मी वैदू असल्यासारखा पाहतो. फी मागायची कशाची? आजचा विषय हाच: घड्याळ थांबू नये म्हणून त्याला फिरवत ठेवणारी वाइंडर नावाची पेटी, आणि ती कुणाला खरंच लागते.

ऑटोमॅटिकला सेल नसतो हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या झाकणाखाली अर्धचंद्रासारखं एक वजन असतं, रोटर. हात हलला की तो फिरतो आणि स्प्रिंग गुंडाळतो. पूर्ण भरलेली स्प्रिंग साधारण ४० तास पुरते, काही नव्या मशीनमध्ये ८० तास. मग ती सुटत सुटत संपते आणि घड्याळ थांबतं. यात बिघाड कसला? आपल्याकडे खूप दिसणारं, सेइको या जपानी कंपनीच्या घड्याळांतलं जुनं ७एस२६ मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ५,१८,४००. एवढी मेहनत करणाऱ्याला कपाटात तरी विश्रांती द्या.

एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले होते. म्हणाले, घड्याळ रोज पहाटे बंद पडतं. मी घड्याळ उघडलंच नाही, मास्तरांनाच विचारलं, "सर, सायकल सोडली का?" सोडली होती. शाळेचा कच्चा रस्ता, हँडलवरचा हात, दिवसभर पोरांवर उगारलेला हात (हसू नका, तुम्हीही खाल्लाय), सगळं बंद. आता दिवसभर बाजेवर बसून पेपर. रोटर फिरणार कशानं?

हातघड्याळात हे स्वयंचलित यंत्र पहिल्यांदा नीट चालवून दाखवलं जॉन हारवूड नावाच्या इंग्रज घड्याळजीनं, १९२० च्या दशकात. कारण काय, तर चावीच्या भोकातून आत जाणारी धूळ आणि ओल! त्यानं बाहेरची चावीच काढून टाकली. काटे फिरवायचे काचेभोवतीची कड फिरवून. मी त्याला मनातल्या मनात वऱ्हाडी मानतो. जिनिंगच्या हंगामात मी जी घड्याळं उघडतो, त्यांच्या चावीच्या दांडीला रुईचा तंतू गुंडाळलेला असतो. पुढं १९३१ मध्ये रोलेक्सनं पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला आणि... अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. त्यांचं सेलचं आहे, मी ओळखतो.

तर वाइंडर. घड्याळ काढून ठेवलं तरी ते थांबू नये म्हणून त्याला गोल गोल फिरवणारी, मोटर लावलेली पेटी. मूल गाढ झोपलेलं असताना पाळणा हलवत बसायचा, तसा प्रकार. आमच्या साडूंना त्यांच्या मुलानं पुण्याहून पाठवली. चार कप्पे, आत मखमल, काचेचं दार, निळा दिवा. साडूंकडे घड्याळं दोन. एक मुलानंच दिलेलं ऑटोमॅटिक, दुसरी लग्नातली एचएमटी जनता. दोन्ही आत ठेवली. तिसऱ्या दिवशी मला फोन, "भाऊ, मशीन रातभर फिरते अन् जनता बंद! काहून?"

आता जनता हाताच्या चावीची. तिच्यात रोटरच नाही. तिला फिरवा, उलटी टांगा, यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसवा, फरक पडायचा नाही. हे समजावण्यात एक फोन गेला. पुढचा फोन लाइटचा. आमच्याकडे लाइट जाते. गेली की पेटी थांबायची, आणि आली तरी बटण दाबल्याशिवाय सुरू होत नव्हती. शेतातल्या पंपासाठी हा माणूस रात्री-बेरात्री थ्री फेजची वाट पाहतो, तोच आता घरात पेटीचं बटण दाबायला उठायला लागला. शेवटी पेटी इन्व्हर्टरवर घेतली. उन्हाळा, बाहेर पंचेचाळीस अंश, इन्व्हर्टर आधीच दमलेला. खरं तर ती एवढीशी मोटर काय वीज खाणार? पण कूलर बंद पडला की दोष पेटीचाच. वहिनींचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत सांगतो: "मी इकडं घामानं भिजून राह्यली अन् हे घड्याळाले झोके देऊन राह्यले!"

एक दिवस व्होल्टेज वाढलं आणि पेटीचा अॅडॅप्टर गेला. साडूंना वाटलं मोटर जळली. ते पेटी घेऊन गेले पंपाच्या मोटरी भरणाऱ्या पोराकडे. त्यानं ती मोटर बोटांत धरून उजेडात पाहिली आणि विचारलं, "काका, याच्यावर किती एकर ओलित होते?"

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मंडळी, खरा विषय तर आता सुरू होतोय!

भराभर सांगतो. सतत फिरवलं की स्प्रिंग तुटते, ही भीती सोडा. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंग ज्या गोल डब्यात बसते, त्याच्या भिंतीवर तिचं बाहेरचं टोक घसरतं. भरली की जास्तीचा पीळ सटकतो. म्हणून वाइंडरनं घड्याळ मरत नाही. पण त्याची चाकं चोवीस तास झिजतात, ती उगाच. थांबून राहिलं की तेल गोठतं, ही जुन्या तेलांची गोष्ट. आजची कृत्रिम तेलं तशी लवकर घट्ट होत नाहीत, आणि वय तर चालत्या घड्याळातल्या तेलाचंही होतं.

पेटी घ्यायचीच असेल तर ती थांबत थांबत फिरणारी घ्या. बहुतेक मशीनना दिवसाला ६५० ते ८०० फेरे पुरतात. दिशा पाहा. सेइकोचा रोटर दोन्हीकडे फिरून चावी भरतो, पण व्हॅलजू ७७५० सारखं स्विस मशीन एकाच दिशेनं भरतं. उलटं फिरवाल तर रात्रभर नुसती वरात. हलक्या पेटीतली मोटर घड्याळाजवळ उघडी असेल तर चुंबकाचा त्रास होऊ शकतो. घड्याळ एकदम पुढं पळायला लागलं तर आधी तोच संशय घ्या. घड्याळात शिरलेलं ते चुंबकत्व उतरवायला मला क्षणभर लागतो.

पेटी कुणाला शोभते? ज्याच्याकडे पर्पेच्युअल कॅलेंडर आहे त्याला. त्यात महिन्याचे तीस-एकतीस, फेब्रुवारी, लीप वर्ष, सगळं यंत्रच सांभाळतं, थेट २१०० सालापर्यंत. ते थांबलं की तारीख, वार, महिना, चंद्र सगळं पुन्हा लावायचं म्हणजे डोकेदुखी. इथं असं घड्याळ कुणाकडे असेल तर त्यांनी मला चहाला बोलवावं. दुसरं, ज्यांची बोटं संधिवातानं आखडली आहेत आणि बारीक चावी फिरत नाही, त्यांनी खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी लग्नाच्या दिवशी सकाळी घड्याळ काढावं, चावी भरता येत असेल तर वीस-तीस वेळा फिरवावी. ७एस२६ ला हाताची चावी भरता येत नाही, ते थोडं आडवं हलवून मनगटावर बांधावं, पुढचं वरातीत आपोआप होतं.

तारखेचं राहिलंच. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तारखेची चावी फिरवू नका. तारखेची चाकं तेव्हा गुंतलेली असतात, दाता तुटतो. आधी काटे खाली सहावर आणा, आदल्या दिवसाची तारीख लावा, मग काटे पुढं फिरवत आजची तारीख येऊ द्या. ती बदलली ती रात्र, त्यानंतर वेळ लावा.

हो हो, थांबतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. घड्याळं आणली असतील ती दाखवा, पण झाकण इथं उघडणार नाही. मंडपात धूळ आहे आणि बाहेर कापसाची गाडी उभी आहे.