चकवा कुठे राहतो

[दृश्य: कातळसडा, मे महिन्यातली संध्याकाळ. वाळून तपकिरी झालेलं गवत, दूरवर एकही झाड नाही.]

कोकणातल्या राजापूर तालुक्यातला हा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. सपाट जांभा दगड, त्यावर जेमतेम वीतभर गवत. लपायला इथे काही नाही, म्हणूनच भूतकथा शोधणारे सहसा इकडे फिरकत नाहीत. त्यांना पडका वाडा हवा असतो, पिंपळ हवा असतो. पण वाडा आता वाचकाच्या इतका ओळखीचा झालाय की दार करकरलं की पुढचं पान तोच सांगतो. सड्यावर दार नाही, जिना नाही. इथे आहे तो चकवा.

चकव्याला ना उलटे पाय, ना पांढरं लुगडं. माणूस रोजच्या वाटेनं निघतो, सरळ चालत राहतो आणि तासाभरानं जिथून निघाला तिथेच येऊन उभा राहतो. बस्स, एवढंच. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं याहून सोयीचं भूत नाही, कारण त्याची निम्मी कामगिरी मोजून बघता येते.

[दृश्य: शाळेचं मैदान. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, मागून दुसरा फक्की टाकत चाललाय.]

मैदानाच्या एका टोकाला उभे राहा. समोरचा खांब नीट बघून घ्या, मग डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधा आणि शंभर पावलं चाला. सोबत्यानं दर दहा पावलांना चिमूटभर फक्की टाकायची. बोलायचं मात्र नाही; आवाज कानावर आला की दिशा कळते आणि सगळा खेळ बिघडतो. पट्टी काढून मागे बघा. फक्कीची रेघ बहुतेक वेळा वळलेली असते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी हेच जंगलात आणि सहारा वाळवंटात करून पाहिलं. 2009 साली निष्कर्ष छापून आले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. तो दिसेनासा झाल्यावर वाट वळायला लागली. डोळे बांधलेली माणसं तर कधीकधी 20 मीटरपेक्षा लहान वर्तुळात फिरली. आपण सरळच चाललोय, असं त्यांना वाटत होतं. गोष्टीत पकडायचं ते हे. वाट चुकलेल्या माणसाची भीती सगळ्यांनीच लिहिलीय. वाट चुकलेली नाही याची खात्री असलेला माणूस जास्त भयंकर.

[दृश्य: तळहातावर होकायंत्र. सुई हळूहळू सरकते.]

याच तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या सड्यावर एक मानवाकृती कातळात कोरलेली आहे. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या आकृतीपाशी होकायंत्र धरलं, तर सुई भलतीकडेच उत्तर दाखवते. चार पावलं बाजूला सरका, पुन्हा बघा. जांभ्यात लोह भरपूर असतं, हे माहीत असूनही हात क्षणभर थबकतो. गोष्टीत तो थबकलेला हात ठेवा. लोहाचा धडा गाळा.

आता गावातल्या माणसांशी बोलणं. ‘भूत बघितलंय का?’ असं कधी विचारू नका. एकतर समोरचा हसून टाळतो, नाहीतर टीव्हीवर बघितलेलं सांगतो. विचारायचं ते असं: ‘आजोबा, बाजारातून यायला उशीर झाला तर कुठल्या वाटेनं येता? आणि कुठल्या वाटेनं येत नाही?’ वाट कळली की मग वेळ विचारा, आणि शेवटी तोड. चकव्यावरची तोड बऱ्याच ठिकाणी एकच ऐकायला मिळते: चालायचं थांबावं, आहे तिथे बसावं, उजाडेपर्यंत उठू नये.

[दृश्य: चिरेखाण. उभ्या कापलेल्या भिंती, तळाशी हिरवं पाणी.]

ही तोड का, ते सड्यावर दिवसा फिरलं की समजतं. चिरेखाणीला, म्हणजे जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणीला, कठडा नसतो. कातळ चालू असतो, चालू असतो आणि एकदम संपतो. भिंत करवतीनं कापल्यासारखी उभी, पावसाळ्यात आत पाणी. शिवाय सड्याच्या कडेला दरी. अंधारात चालत राहणाऱ्याचं काय होईल हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी ‘बसून राहा’ सांगितलं. प्रत्येक भुताच्या नियमामागे असं काही सापडेलच असं नाही, पण शोधून बघायला हरकत नाही.

नियम मात्र सरमिसळ करू नका. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, त्याचा पिंपळ ठरलेला. वेताळ गावाची राखण करत फिरतो, म्हणून गोव्यात आणि सिंधुदुर्गात त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि त्या झिजतात असं मानतात. झिजलेला एक तळवा तीन पानांच्या वर्णनाला भारी पडतो. पण वेताळाच्या वहाणा मुंज्याच्या पायात घातल्या, की कोकणातला वाचक तिथेच पुस्तक मिटतो. आणि गावात खरोखर गेलेल्या कुणाचं नाव, घर, आजार जसाच्या तसा उचलू नका. घरातली माणसं तिथेच राहत असतात.

[दृश्य: अंधार. जमिनीलगत दोन लाल ठिपके.]

हे ठिपके म्हणजे रातवा. हा पक्षी जमिनीवरच बसतो आणि बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. त्याची हाक फरशीवर टाकलेल्या गोटीसारखी: आधी सुटे ठोके, मग भरभर. ती ध्वनिमुद्रित करायची तर दिवसा गावच्या माणसासोबत जाऊन जागा ठरवा, खाणी कुठे आहेत ते बघून ठेवा आणि रात्री दोघांनी जा. रेकॉर्डर थेट कातळावर ठेवू नका, तुमच्याच पावलांचे धक्के त्यात उतरतात. खाली टॉवेलची चौपदरी घडी ठेवा. फोन बंद करा. एकदा बसलात की पहिली दहा मिनिटं वहीलासुद्धा हात लावू नका, कान अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो.